बोचरी शेवंती

माझी थोरली मावशी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. डॉक्टर मोडलेलं हाड जागेवर बसवून निघून जायचे, पुढचं सगळं मावशीचं. कापसाचा थर गुंडाळायचा, प्लास्टरची पट्टी कोमट पाण्यात सोडायची, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून हलकेच पिळायची आणि ती कडक व्हायच्या आत हातावर नाहीतर पायावर फिरवत न्यायची. "आता गरम लागेल हं, घाबरायचं नाही," हे वाक्य तिच्या तोंडी इतकं बसलं होतं की घरी चहाचा कप पुढे करतानाही कधीकधी तेच निघायचं. आम्ही पोटभर हसायचो. रोग्याला घरी सोडताना मात्र तिचा आवाज बदलायचा. "आत ठणका लागला, बोटं सुजली, वास यायला लागला, तर उद्यावर ढकलायचं नाही. तडक इथे यायचं."

बागेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. बाग काकांची, म्हणजे तिच्या यजमानांची. काका पाणीखात्यात मीटर वाचायला होते. लोकांच्या फाटकातून आत जायचं, झाकण उचलायचं, आकडा टिपायचा आणि पुढच्या घराकडे वळायचं, एवढंच काम. पण त्यांची नजर मीटरपेक्षा कुंड्यांवर. "ताई, ही फांदी मोडलीय, नेऊ का?" असं विचारून ते फांदी मागून आणायचे. ती आधीच मोडलेली असायची असं काही नाही. मावशी म्हणायची, "यांना पगार पाण्याचा मिळतो आणि ध्यान सगळं दुसऱ्यांच्या बागांत."

त्यांच्या घरामागे जमिनीची एक लांबट पट्टी होती. मागच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन आपटून पुन्हा त्या पट्टीवर यायचं, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे डोळे दिपायचे. त्या पट्टीत काकांनी गावभरच्या फांद्या रुजवल्या होत्या. गुलाब, डेलिया, जर्बेरा, भिंतीवर चढवलेली जाई. कुठलं झाड कुठल्या गल्लीतल्या कुणाचं, हे त्यांना पाठ होतं. मी पलीकडच्या गल्लीत राहायचे. सुट्टीच्या दिवशी गेले की ते मला पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणायचे आणि प्रत्येक झाडाच्या मूळ मालकाची एखादी गंमत सांगायचे.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचं काहीतरी बिनसलं. एका सकाळी ते कपडे करून बाहेर पडले आणि जुन्या वाटेवरच्या एका घरात शिरून मीटरचं झाकण उचलायला लागले. त्या घरच्या बाई ओळखीच्या होत्या, त्यांनीच हाताला धरून परत आणून सोडलं. मग चष्मा साखरेच्या डब्यात सापडायला लागला. मग माझं नाव गेलं, मी "ती पलीकडची मुलगी" झाले. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढतच जाणार, कमी होणार नाही. मावशीने ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर मात्र खुर्चीत बसली ती अंधार पडेपर्यंत उठली नाही, असं दादाने मला नंतर सांगितलं. दादा म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायचा, महिन्यातून एकदा यायचा, त्या दिवशी आलेला होता.

एका रविवारी मी मागच्या दाराने गेले तर काका पट्टीत उकिडवे बसून डेलिया उपटत होते. झाड मुळासकट काढायचं, माती झटकायची आणि मुळं उन्हाकडे करून बाजूला मांडून ठेवायचं. तण काढलं की ते पुन्हा रुजू नये म्हणून ते नेहमी तसंच ठेवायचे. डेलियांची चांगली लांब ओळ झाली होती.

"काका, अहो, फुलं आहेत ती!"

"फार माजलंय गवत," ते घाम पुसत म्हणाले. "हिला सांगून सांगून थकलो. कुणी हात लावत नाही."

ते बिघडवत नव्हते, बाग करत होते. त्यामुळे त्यांना रागवायची पण सोय नव्हती.

मावशीने पुष्कळ करून पाहिलं. मागच्या दाराला कडी घातली, तर ते दारावर डोकं टेकून रडले. कुंड्या आणून खिडकीत ठेवल्या, त्या त्यांनी एकेक करून रिकाम्या केल्या. शेवटी ती मोकळ्या मैदानातून खरंखुरं गवत खणून आणायला लागली. दवाखान्यातून दमून यायची आणि नवऱ्याला उपटता यावं म्हणून त्या पट्टीत गवत लावायची. शेजारीपाजारी बघत राहायचे. काकांनी ते गवत ठेवलं आणि जाई ओढून काढली.

बाग उजाड झाली की हे तरी थांबेल, असं तिला वाटलं होतं. झालं भलतंच. काका सकाळी दार उघडून त्या नुसत्या मातीकडे बघायचे आणि कासावीस व्हायचे.

"इथली झाडं कुणी नेली?"

"कुणी नाही हो नेली. परत लावू."

"तूच विकलीस. मी कामावर गेलो की विकतेस."

आयुष्यात ते तिला कधी असं बोलले नव्हते. हे रोज सकाळी व्हायला लागलं. एकदा मी तिथे असतानाच झालं, तेव्हा मावशी आत गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

मग ती मला घेऊन रोपवाटिकेत गेली. तिथला माळी बोलायला तुसडा होता, पण जाणकार.

"उपटता येणार नाही असं काहीतरी द्या," मावशी म्हणाली.

"गुरं शिरतात का आत?"

"नाही. नवरा शिरतो."

माळी हसला. मग मावशीच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. तो मागच्या बाजूला गेला आणि एक कुंडी घेऊन आला. जमिनीलगत पसरलेला पानांचा घेर होता, पानं खाली पांढुरकी आणि कडांना पिवळट काटे, सुईसारखे. नाव त्याने लांबलचक सांगितलं, ते आम्हां दोघींनाही उच्चारता येईना. "शेवंतीच्याच कुळातली म्हणा," तो म्हणाला. "कोरड्या डोंगरातलं झाड आहे. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं. या वर्षी नुसती पानं, पुढच्या उन्हाळ्यात छातीएवढा दांडा येईल. फुलं मोठी, फिक्या जांभळ्या रंगाची, खालून वर उमलत जातात. ऊन मात्र भरपूर हवं. मुळाशी पाणी साचलं की संपलं. खत नको, लाड नको. आणि मूळ खोल जातं, मग हलवायचं नाही. लोक मायेने पाणी घालघालून मारतात याला."

"बोचतं ना पण?" मावशीने विचारलं.

"हात लावून बघा."

तिने लावला. बोटावर आलेला रक्ताचा थेंब तिने पुसला आणि तीन कुंड्या मागितल्या.

आम्ही दोघींनी मिळून पट्टीतली माती खोल खणली, तिच्यात विटांचा चुरा आणि जाडी वाळू मिसळली आणि जिथे ऊन सगळ्यात जास्त तिथे ती रोपं लावली. मावशीने त्या झाडाला बोचरी शेवंती असं नाव ठेवलं. काका पायरीवर बसून बघत होते. "कुणाकडची?" त्यांनी विचारलं. "टेकडीवरच्या बंगल्यातली," मावशीने ठोकून दिलं. ते खूश झाले. त्या दिवशी तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी काकांनी झाडाला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मावशी खिडकीतून पाहत होती. तिला वाटलं, आता कळलं. एकदा बोचलं की पुन्हा जाणार नाहीत. लहान मूलसुद्धा शिकतं. पण काकांना दुपारपर्यंत सकाळचं काही आठवत नव्हतं. ते पुन्हा गेले, पुन्हा हात घातला, पुन्हा तितकेच दचकले. दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर तेच नवल असायचं, हे असं कसं झालं म्हणून. रोज नव्याने बोचायचं. त्यांच्या उजव्या हाताचा तळवा ओरबाडून निघाला. शेवंती मात्र जागची हलली नाही, तिने मूळ धरलं होतं.

"काढून टाक ना ती झाडं," मी म्हणाले.

"आणि सकाळी काय दाखवू त्यांना?" मावशी म्हणाली. "पानं दिसली की ते मला चोर म्हणत नाहीत गं. तेवढं एक तरी राहू दे मला."



पुढचं मला तिनेच सांगितलं, आणि फार नंतर. एका संध्याकाळी तिने काकांचा हात साबणाच्या पाण्याने धुतला, काटे चिमट्याने काढले, औषध लावलं. मग दवाखान्यातून आणलेली प्लास्टरची पट्टी भांड्यातल्या कोमट पाण्यात सोडली. स्वयंपाकघराच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून त्यावर त्यांचा हात ठेवला. बोटांची टोकं तेवढी मोकळी ठेवून तिने तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं.

"मोडलाय का हात?" काकांनी विचारलं.

"हो. मोडलाय."

"कधी पडलो मी?"

"सकाळी. आता गरम लागेल हं, घाबरायचं नाही."

"तू असताना कशाला घाबरू?" ते म्हणाले.

जखमा भरेपर्यंत, तेवढे चार दिवस. तोवर उपटायची सवय मोडली तर बरंच, असा तिचा हिशोब होता. आणि खरंच, घरात शांतता झाली. काका पायरीवर उन्हात बसायचे, पांढरा हात मांडीवर ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "मोडलाय. हिने बसवला." मी विचारलं तेव्हा मावशी मलाही म्हणाली, घसरले म्हणून. मी विश्वास ठेवला. प्लास्टरच्या बाबतीत तिच्यावर कोण अविश्वास दाखवणार?

चार दिवसांचे पुढे आणखी काही दिवस झाले. तिला ते काढवेना. सकाळी कुणी तिला चोर म्हणत नव्हतं, ती कामावरून आली की घर होतं तसं सापडायचं, रात्रीची झोप लागत होती. कितीतरी महिन्यांनी अंगात जीव आल्यासारखं झालं होतं. रोज ती काकांच्या बोटांची टोकं दाबून बघायची, रंग बघायची, ऊब बघायची. बोटं ठीक होती. काकांना मधुमेह होता आणि त्यामुळे काटा बोचलेला कळला तरी आतला ठणका फारसा जाणवायचा नाही, त्यातून दुखतंय हे लक्षात ठेवून सांगणंही त्यांच्याकडून होत नव्हतं. स्वयंपाकघरात वास यायला लागला तेव्हा तिला वाटलं, मोरी तुंबली असेल. तिने मोरीत सोडा टाकला, गरम पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी काकांना ताप भरला. त्यांना उठवायला ती वाकली आणि वास कुठून येतोय ते तिला कळलं.

तिने घरातल्या कात्रीनेच प्लास्टर कापलं. अंगठ्याच्या मुळाशी एका काट्याचं टोक मोडून आत राहिलं होतं. तेवढंसंच.

तिने त्यांना आपल्याच दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर तिला ओळखत होता, तिच्याकडूनच प्लास्टर फिरवायला शिकलेला. त्याने हात पाहिला आणि विचारलं, "हे प्लास्टर घातलं कुणी?"

"मी."

"फ्रॅक्चर कुठे होतं?"

"नव्हतं."

डॉक्टरने हातमोजे चढवले. तिला वाटलं आता हा ओरडेल, आणि तिला ते हवंही होतं. पण तो फक्त म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेर बसा. आम्ही बघतो." त्या सौम्य बोलण्याने ती जास्त मोडली.

काकांचा अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. दवाखान्यात तिच्यावर कुणी ठपका ठेवला नाही. वरिष्ठ डॉक्टरांनी बोलावून सांगितलं की घरची परिस्थिती आम्हाला ठाऊक आहे, थोडे दिवस रजा घ्या. तिने रजा घेतली नाही, एप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि घरी आली. पुन्हा त्या खोलीत ती गेली नाही.

दादा आला. तो आवाज चढवणारा नव्हे, पण त्या दिवशी चढवला. "आई, तू कुणाला सांगितलं का नाहीस? मला एक फोन करता येत नव्हता?"

"काय सांगायचं होतं? तुझे बाबा झाडं उपटतात म्हणून?"

"त्यांचा हात गेला, आई! एका झाडापायी!"

मावशीने मान खाली घातली. झाडापायी नव्हे, हे तिला सांगायचं असावं. पण मग कशापायी, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. मी मधे पडायला गेले तर दादा मलाच म्हणाला, "तू येत-जात असतेस ना? तुला दिसलं नाही?"

दादाने गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात चौकशी केली आणि काकांना तिकडे हलवलं. मावशीने विरोध केला नाही. त्यांचे कपडे तिनेच भरले. जाताना काका गाडीत बसले, काच खाली करून तिला म्हणाले, "बाई, तुम्ही नाही येत?" ती म्हणाली, "येते मागून."

ती सगळ्यात वाईट गोष्ट झाली होती असं मला वाटत होतं. पण मावशीला त्याहून वाईट वाटलं ते पुढे. काका तिथे रमले. मागचं अंगण फरशीचं होतं, उपटायला काही नव्हतं आणि उपटायला अंगठाही नव्हता. ते वेळेवर जेवायचे, दुपारी झोपायचे, एका म्हाताऱ्या सुताराशेजारी बाकावर बसून गाड्या मोजायचे. चेहरा भरला. मावशी भेटायला गेली की "या, बसा" म्हणायचे, पाहुणीला म्हणतात तसं. "मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी मरमर केली," ती मला एकदा बसमध्ये म्हणाली, "ते त्यांना माझ्याशिवाय जमलं."

पुढच्या उन्हाळ्यात शेवंतीला दांडे आले. माळ्याने सांगितल्यासारखे छातीएवढे, पानांपासून कळ्यांपर्यंत काट्यांनी भरलेले. मग खालच्या कळ्या उमलल्या. फिक्या जांभळ्या, जवळजवळ पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळट गोंडा, तळहाताएवढं एकेक फूल. त्या रखरखीत उजेडात ती इतकी सुंदर दिसत होती की रस्त्यावरून जाणारे फाटकाशी थांबायचे. मावशी त्यांच्याकडे पाठ करून कपडे वाळत घालायची. तिने झाडांना ना पाणी घातलं, ना ती काढली. लक्षच दिलं नाही, आणि तेच झाडांना मानवलं.

एकदा मात्र तिने एक दांडा कापला. कात्रीने त्याचा काटा न् काटा छाटला, बोट फिरवून खात्री केली, आणि तो कागदात गुंडाळून आम्ही वृद्धाश्रमात नेला. काकांनी डाव्या हातात फूल घेतलं. वर केलं, खाली केलं, पाकळ्यांवरून गाल फिरवला. मावशी बघत होती.

"छान आहे," ते म्हणाले. मग फूल तिच्याकडे परत करून म्हणाले, "घरी पाण्यात ठेवा, बाई. तुमचे यजमान खूश होतील."

ती "बरं" म्हणाली. परत येताना फूल तिने तिथल्या दारातल्या बाकावर ठेवलं.

हिवाळ्यात काकांच्या छातीत कफ झाला आणि ते गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं तिथल्या परिचारिकेने सांगितलं. त्यांच्या वस्तू आणायला मी आणि दादा गेलो होतो. मावशी आली नाही. दादाने नंतर तिला आपल्याकडे राहायला बोलावलं, मनापासून बोलावलं. ती म्हणाली, "बघू." त्या दोघांत पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, पण हवापाण्याचं.

मग माझ्या कानावर आलं की मावशी अजूनही वृद्धाश्रमात जाते. नवरा नाही, कुणी नातेवाईक नाही, तरी बस पकडून जाते. लोक आपापले अर्थ लावत होते. मी तिला सरळच विचारलं.

"नखं कापायला जाते," ती म्हणाली. "तिथे माणसं कमी आहेत. सगळं करतात बिचारी, नखांपर्यंत हात पोचत नाही त्यांचा."

"अगं, पण तू का?"

"वाढतात ना नखं."

एकदा तिच्याबरोबर गेले. ती स्टुलावर बसून एकेका खाटेशी थांबत होती. आधी हात कोमट पाण्यात भिजवायचा, पुसायचा, मग हळूहळू कापायचं. ड्रेसिंग असलेल्या माणसाकडे ती जात नव्हती, ते परिचारिकेवर सोडायची. खिडकीजवळच्या खाटेवरच्या म्हातारीचा हात तिने हातात घेतला, तेव्हा म्हातारीने तो झटकन मागे ओढून पांघरुणात लपवला.

"नको," ती म्हणाली. "माझा आहे."

परिचारिका पुढे आली. "आजी, नखं बघा किती वाढलीत. धरू का मी हात?"

"नको, धरू नका," मावशी म्हणाली. "त्यांना नको आहे."

ती स्टुलावरून उठली. मग पाण्याचं भांडं उचललं आणि पुढच्या खाटेकडे गेली.